पणजोबांचं गाव डीएनएमध्ये सापडेल का?

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचे पणजोबा शिवराम १९००-०५ च्या सुमारास कोकणातून मुंबईला आले आणि परळला गिरणीत लागले. गाव कोणतं ते घरात कुणालाच नक्की माहीत नाही. आजोबा एवढंच सांगायचे, 'खेडच्या पुढे, नदीपलीकडे.' गिरणीत लागताना आडनाव बदललं अशीही एक आख्यायिका आहे. अमेरिकेतल्या भावाने थुंकी पाठवून डीएनए चाचणी करून घेतली, त्यात ९८ टक्के दक्षिण आशियाई आणि २ टक्के मध्य आशियाई असं आलं. आता याहून चांगली कोणती चाचणी केली म्हणजे गाव कळेल, असं तुम्ही विचारताय.

कोणतीच नाही. कितीही महागाची घेतली तरी तिच्यातून गावाचं नाव बाहेर पडत नाही. पण डीएनए अगदी फुकट गेला असंही समजू नका. शेवटच्या टप्प्यावर तुम्हाला त्याचा चांगला उपयोग होईल, फक्त क्रम उलटा झालाय. मी मोडी वाचतो आणि लोकांच्या वंशावळी लावून देतो, बहुतेक काम रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतलं. हल्ली बरेच जण असा अहवाल घेऊनच येतात, आणि घरातल्या ट्रंकेत काय आहे ते मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

तुमची खरी अडचण जराशी वेगळी आहे. खेड, दापोली, चिपळूण, गुहागर या पट्ट्यात त्या वयाचा, मुंबईला गेलेला 'शिवराम' बऱ्याच गावांत निघेल. त्यातला तुमचा कोणता, हे ठरवायचं कशावरून? सगळं काम ओळख पटवण्याचं आहे. त्यासाठी पणजोबांच्या नावाच्या जोडीला आणखी दोन-तीन पक्क्या खुणा लागतात: त्यांच्या वडिलांचं नाव, भावांची नावं, कुलदैवत, देवक, आणि सोयरीक कुठल्या गावांशी होती ते. या खुणा कागदात आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात.

आधी त्या टक्क्यांचा निकाल लावू. कंपनीकडे वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचे नमुने आधीपासून जमवलेले असतात. तुमच्या भावाच्या डीएनएचे तुकडे त्यातल्या कुणाशी किती जुळतात, त्यावरून टक्के काढतात. नमुन्यांचा साठा बदलला की टक्के बदलतात. पुढच्या वेळी त्याच थुंकीवरून ते २ टक्के गायबही होतील, तेव्हा आपण मूळचे काबूलकडचे का, ही चर्चा घरात चालू असेल तर आवरती घ्या. तसंच पितृवंशाच्या गटाचं. अहवालात आर१ए, एच, एल असं काहीतरी असेल. हे गट हजारो वर्षांपूर्वीचे आहेत आणि महाराष्ट्रात ते जातीपातीच्या भिंती न मानता पसरलेले आहेत. आर१ए ब्राह्मणांत सापडतो, मराठ्यांत सापडतो, आदिवासींतही सापडतो. त्यावरून ना जात ठरते, ना गाव.

अहवालात कामाची गोष्ट एकच असते, ती म्हणजे जुळणाऱ्या माणसांची यादी. तिथेही आपली पंचाईत होते. या कंपन्यांकडे चाचणी केलेले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे अमेरिकन आहेत. खेड तालुक्यातल्या कुण्या आजोबांनी किट मागवून थुंकी पाठवलेली नसते. ज्यांच्याशी जुळायला हवं ते यादीतच नाहीत, मग जुळणार कुणाशी?

तेव्हा कागद. इंटरनेटवरचे अमेरिकन-इंग्रज व्हिडिओ पाहून जाल तर पहिल्याच पायरीवर अडखळाल. त्यांचं सगळं काम जनगणनेवर चालतं. इंग्लंडमध्ये १९२१ ची जनगणना शंभर वर्षांनी घरागणिक नावांसकट खुली झाली, अमेरिकेत १९५० ची झाली. आपल्याकडे जनगणनेतली व्यक्तींची माहिती कायद्यानेच गोपनीय आहे, ती पाहायला मिळत नाही. गंमत अशी की तुमचे पणजोबा मुंबईऐवजी गिरमिटिया (करारावरचे मजूर) होऊन मॉरिशसला गेले असते तर तुमचं काम सोपं झालं असतं. तिकडे उतरलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक होता, नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव लिहिलेलं असे, आणि पुढच्या काळातल्या कित्येकांचे तर फोटोही आहेत. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. रत्नागिरी भागातून तिकडे गेलेल्या मराठी माणसांचे वंशज क्रमांक हातात घेऊन गाव शोधत येतात. दाभोळच्या बंदरात बोटीत बसून भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्याचं मात्र कुणी काही लिहून ठेवलं नाही.

म्हणून माझा पहिला नियम: गाव सोडून गेलेल्याचा माग काढत बसू नका, मागे राहिलेल्यांचा काढा. जाणाऱ्याच्या मागे कागद उरत नाही. जे राहिले त्यांनी जमीन कसली, सारा भरला, भांडणं केली, मेले, वारस लागले, आणि या प्रत्येक वेळी तलाठ्याने चार ओळी लिहिल्या. त्या ओळींत गेलेल्या भावाचं नाव कुठेतरी डोकावतं.

पण तिथवर पोचायला आधी शोधाचा परीघ लहान करायला हवा, आणि ते काम मुंबईतच होतं. तुमचे वडील ८२ वर्षांचे आहेत असं लिहिलंय. उद्याच त्यांच्याजवळ फोन ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि 'आपलं गाव कोणतं' हा प्रश्न सोडून बाकी सगळं विचारा. तो प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकलाय, त्याचं उत्तर 'माहीत नाही' असंच येणार. त्यांच्या आजीचं माहेर कोणतं? आत्यांना कुठे दिलं होतं? शिमग्याला कुणाकडे जायचं? लग्नात देवक कशाचं बसायचं? घरी गोंधळ कुणाच्या नावाने घालायचे? लहानपणी चाळीत 'गाववाले' म्हणून कोण कोण यायचे?

यातला आत्यांचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मुंबईत आलेल्या पहिल्या पिढीने पोरी बहुधा गावाकडच्याच सोयरिकीत दिल्या, आणि त्या सोयरिकी पायी एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्याच टापूत होत असत. तुमच्या आजोबांच्या दोन बहिणी कुठल्या गावांत पडल्या आणि पणजींचं माहेर कोणतं, एवढं कळलं तर नकाशावर तीन टिंबं काढा. तुमचं गाव बहुतेक त्यांच्या मधेच कुठेतरी असेल. आत्यांच्या नातवंडांना तर ते ठाऊकही असेल. आजीचं माहेर म्हणून त्यांनी ते नाव ऐकलेलं असतं. सगळे बापाच्या बाजूने शोधत राहतात आणि लेकींच्या घरी कुणी विचारायला जात नाही.

दुसरं, आजोबांची शाळा. मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत जरी शिकले असले तरी जनरल रजिस्टरात नाव आहे. जुन्या रजिस्टरात जात, जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा रकाना असतो. गिरणगावातल्या बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे मुंबईकर मुलाचं जन्मस्थळ कोकणातलं निघतं. ते आजोळही असू शकतं हे लक्षात ठेवा, पण आजोळ म्हणजे तरी वर म्हटलं तसं एक टिंबच. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठल्या शाळेत वर्ग झालं ते महापालिकेच्या शिक्षण खात्याच्या विभाग कार्यालयात विचारावं लागतं. इथे चिकाटी लागते, ओळख असली तर बरं.

तिसरं, ग्रामस्थ मंडळं. गिरणगावात एकेका गावाची खोली असायची, तिथे त्या गावचे एकटे राहणारे पुरुष पथारी टाकायचे. त्यातूनच 'अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई' उभी राहिली आणि त्यातली कितीतरी अजून चालू आहेत. त्यांच्याकडे वर्गणीच्या वह्या आणि छापील अहवाल असतात. पणजोबांच्या काळातलं काही मिळेलच असं नाही, पण पन्नास-साठच्या दशकातल्या वर्गणीदारांच्या यादीत आजोबांचं नाव मिळालं तरी काम झालं.

आता 'खेडच्या पुढे, नदीपलीकडे' याबद्दल. आज आपण महामार्गाने जातो, त्यामुळे खेडच्या पुढे म्हटलं की चिपळूणकडे, असं आपोआप डोक्यात येतं. पणजोबा मुंबईला आले तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पुरती सुरू झाली १९९८ मध्ये. ते बोटीने आले. आगबोट हर्णै, दाभोळ अशा बंदरांत लागायची आणि दाभोळहून खाडीने आत, वाशिष्ठीने चिपळूणकडे नाहीतर जगबुडीने खेडकडे, लहान पडाव जायचे. त्या माणसाचं 'पुढे' म्हणजे बंदराकडून आत, सह्याद्रीच्या दिशेने. 'नदी' म्हणजे जगबुडी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. म्हणजे खेड तालुक्याचा पूर्वेकडचा, घाटाखालचा भाग आधी पाहावा. हा माझा अंदाज आहे. आत्यांच्या गावांवरून चिपळूण किंवा गुहागर निघालं तर तो खुशाल बाजूला ठेवा.

परीघ पाच-सहा गावांपर्यंत आला की तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जायचं. काही जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) स्कॅन करून शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर टाकलेले आहेत, ते आधी बघून घ्या, चकरा वाचतील. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कचेऱ्यांतली जुनी दप्तरं धुंडाळली गेली आणि बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी आपापल्या संकेतस्थळांवर ठेवल्या. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, वंशावळीच्या कामाला त्यातून मोठं घबाड मिळालंय. वर्षानुवर्षं कुणी न सोडलेल्या रुमालांच्या गाठी त्या निमित्ताने सुटल्या.

कचेरीत मागायचं काय? हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली, गावोगाव लागू व्हायला पुढे काही वर्षं गेली. तेव्हा साधारण १९१० ते १९४० मधले वारसाचे फेरफार हे तुमचं मुख्य लक्ष्य. १९१८ च्या मानमोडीच्या साथीनंतरची दोन-तीन वर्षं मी कधीच सोडत नाही. घरंच्या घरं गेली होती, त्यामुळे वारसनोंदी दाट मिळतात. नोंद साधारण अशी दिसते: 'खातेदार धोंडू बिन गणू मयत. वारस मुलगे तीन', मग तिघांची नावं, 'पैकी अ. नं. ३ मुंबईस असतो, सबब थोरल्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.' ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढे सातबाऱ्यावर फक्त थोरल्याचं नाव चालत राहतं आणि मुंबईचा धाकटा कागदावरून पुसला जातो. ज्याने फक्त सातबारा पाहिला त्याला तो कधीच दिसत नाही. म्हणून म्हणतो, फेरफार पाहा, सातबाऱ्यावर थांबू नका.

या नोंदींत आडनाव शोधू नका. त्या काळच्या महसुली कागदात माणूस 'रामा बिन गणू' किंवा 'रामा वलद गणू' असतो, आणि बाई 'सखू कोम रामा' किंवा 'भ्रतार रामा'. बिन आणि वलद म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, भ्रतार म्हणजे नवरा. त्यामुळे गिरणीत आडनाव बदललं की नाही, या वादाची तुम्हाला फारशी गरजच पडणार नाही. बहुतेक वेळा आडनाव बदललेलं नसतं, ते मुकादमाने विचारलं म्हणून पहिल्यांदा सांगितलेलं असतं. कुणी भावकीचं सांगितलं, कुणी गावाला 'कर' लावला, कुणी ज्याच्या वशिल्याने नोकरी लागली त्याचंच लावलं. एकाच बापाच्या दोन मुलांची मुंबईत दोन आडनावं झालेली मी पाहिलीत. बापाचं आणि आजाचं नाव, ही जोडी धरून चाला. थोरल्या नातवाला आजाचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे गणू-धोंडू-गणू अशी साखळी दिसते. तीच तुमच्या घरातल्या नावांशी ताडून बघा.

एक गोष्ट गावागणिक बदलते. गाव खोती असेल, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यातलं, तर जमीन खोताच्या नावावर आणि तुमचे लोक कुळाच्या रकान्यात. मालकांच्या यादीत नाव नाही म्हणून गाव खोडून टाकू नका, कुळांची नावं पाहा. खोती गावांचं बोटखत (जमिनीची नोंदवही) मिळालं तर त्यात कसणाऱ्यांची नावं असतात. १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १९५७ नंतरचे कूळकायद्याचे निकाल, या दोन्ही वेळी पुन्हा कागद तयार झाले. आणि तुमचं घर भूमिहीन असेल, किंवा बलुतेदारीवर जगणारं असेल, तर जमिनीच्या नोंदीत फार कमी मिळेल. मग गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. तिथे बाळाचं नाव नसतं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. बापाचं नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी, एवढंच. पणजोबांच्या जन्माची नोंद त्यात मिळणं मला कठीण वाटतं. त्यांच्या भावाच्या मुलांची मिळू शकते. १९२०-३० च्या आधीचं बरंचसं मोडीत असेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे नवशिक्याला दोन नावांचं एक दिसतं. घाईने निष्कर्ष काढू नका, दोघांकडून वाचून घ्या.

आणखी एक आडवाट सांगतो, ती फार उपयोगी पडते. तुमच्या संभाव्य भावकीतल्या कुणी जातीच्या दाखल्यासाठी किंवा पडताळणीसाठी अर्ज केला असेल तर त्याच्या फाइलीत वंशावळ प्रतिज्ञापत्रावर जोडलेली असते, जुन्या पुराव्यांच्या नकलांसकट. म्हणजे तुमचं निम्मं काम कुणीतरी करून ठेवलेलं असतं. अर्थात ती फाइल त्यांची आहे, त्यांनी दाखवली तरच.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल तुम्ही विचारलंय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया इथल्या उपाध्यांकडे गावावार आणि आडनावावार नामावळ्या असतात, आणि हरिद्वारच्या बऱ्याच वह्यांची तर मायक्रोफिल्मही झालेली आहे. पण तिथे पहिला प्रश्नच 'गाव कोणतं?' असा असतो. शिवाय कोकणातला गरीब कुणबी नाशिकला जाऊन श्राद्ध करून आला असेलच असं नाही. गाव सापडल्यावर वर एक-दोन पिढ्या चढायला हा मार्ग चांगला, आत्ता नको.

समजा, या सगळ्यातून एक गाव आणि एक घर पुढे आलं. आता गावात जायचं, आणि इथे जपून. मुंबईहून कुणी येऊन 'माझे पणजोबा तुमच्या पणजोबांचे भाऊ होते' म्हणालं की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो, हिस्सा मागायला आले. त्यात त्यांचं काही चुकत नाही, तसं होतंही. मंडळाच्या ओळखीच्या माणसाला बरोबर घ्या, शक्यतो शिमग्याला किंवा गणपतीत जा, आणि चहा येण्याच्या आधीच सांगून टाका की जमिनीशी काही देणंघेणं नाही. पहिल्या भेटीत डीएनएचा विषय काढायचाच नाही. म्हाताऱ्यांना बोलू द्या. 'एक जण मुंबईला गेला तो परत आलाच नाही' अशी गोष्ट त्यांच्याकडेही असेल. तुम्ही नाव सुचवायच्या आधी त्यांनी ते घेतलं तर ती साक्ष. तुम्ही सुचवल्यावर 'हो हो, तोच' म्हणाले तर ते आदरातिथ्य.

डीएनएची पाळी येते ती यानंतर. आता तुमच्याकडे नेमका प्रश्न आहे: हे घर आणि आपलं घर एका बापाच्या दोन मुलांपासून झालं का? या प्रश्नाला चाचणी उत्तर देऊ शकते, मात्र योग्य माणसांची करायला हवी. तुम्ही आणि गावातला तुमच्या पिढीचा माणूस यांच्यात तीन पिढ्यांचं चुलतपण येतं. अशा नात्यात सरासरी पाऊण टक्का डीएनए सामाईक असतो, आणि दहातल्या एखाद्या जोडीत तर पकडण्याजोगा काहीच नसतो. तुमचे वडील आणि गावातले त्यांच्या पिढीचे आजोबा घेतले तर तेच प्रमाण सरासरी तीन टक्क्यांवर जातं, म्हणजे साधारण २०० सेंटीमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं एकक), आणि या नात्यात जुळणी जवळपास नेहमीच दिसते. एक पिढी वर चढल्याने चौपट फरक पडतो. म्हणून भावाच्या अहवालात पैसे घालण्याऐवजी पहिलं किट वडिलांचं करा. वय पाहता ते आत्ताच करून ठेवा. मी क्रम पाळायला सांगतो त्याला हा एक अपवाद.

आता आपल्याकडची खास अडचण. शेकडो वर्षं जातीतच लग्नं झाल्यामुळे एका जातीतले दोन अनोळखी लोकही थोडेफार जुळतात. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, त्यात ८१ समूहांमध्ये हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आढळला. त्यात मामेबहिणीशी लग्नाची रीत असेल तर आणखी भर. कंपनीचं गणित युरोपीय लोकांवर बेतलेलं, त्यामुळे लांबचा माणूस जवळचा दाखवला जातो. यावर माझे दोन उपाय. एक, एकूण आकड्यापेक्षा सगळ्यात लांब तुकडा पाहायचा. सात-आठ सेंटीमॉर्गनचे पुष्कळ बारके तुकडे म्हणजे जातीतलं जुनं नातं. तीस-चाळीसचा एखाद-दुसरा लांब तुकडा म्हणजे अलीकडचा सामाईक पूर्वज. दोन, ताळा म्हणून त्याच गावातल्या, त्याच जातीच्या, पण भावकीबाहेरच्या एकाची चाचणी करायची. तोही तुमच्या वडिलांशी तेवढाच जुळला तर निष्कर्ष काढू नये.

जोडीला पितृवंशाची, म्हणजे वाय गुणसूत्राची चाचणी. ती बापाकडून मुलाकडे जवळजवळ जशीच्या तशी जाते, म्हणून वडिलांची किंवा भावाची चालेल. तुमच्यात ते गुणसूत्र नसल्याने तुमची नाही. मात्र तीनशे वर्षांपूर्वी गाव वसवणाऱ्या एका माणसाची सगळी भावकी या चाचणीत एकच दिसते. वाय सांगतं की भावकी हीच. भावकीतलं कोणतं घर, ते आधीची चाचणी सांगते. दोन्ही लागतात. जुळलं नाही तर लगेच गाव चुकलं असं धरू नका. आपल्याकडे दत्तक फार. भावकीतला मुलगा दत्तक घेतला असेल तर वाय तेच राहतं. मुलीचा मुलगा घेतला असेल, किंवा घरजावई येऊन सासऱ्याचं नाव चाललं असेल, तर कागदावरचा वंश अखंड आणि वाय वेगळं. पाटाच्या (पुनर्विवाहाच्या) बायकोबरोबर आलेल्या मुलांचंही तसंच. ही शक्यता चाचणीच्या आधी दोन्ही घरांत मोकळेपणाने बोलून घ्या. ज्याला असं काही बाहेर यायला नको असेल त्याने थुंकी देऊ नये, आणि त्याला कुणी आग्रहही करू नये. या कंपन्यांकडची माहिती कुठे जाईल याचीही खात्री नसते. ट्वेंटी-थ्री-अँड-मी या बड्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. वेगवेगळ्या कंपन्यांचे अहवाल एकत्र ताडायचे असतील तर कच्चा डेटा जेडमॅच (GEDmatch) या संकेतस्थळावर चढवता येतो, पण तिथेही आधी अटी वाचा.

कितपत पुरावा पुरे? मी तीन स्वतंत्र गोष्टी जुळल्या की होकार देतो: एक कागद, ज्यात मुंबईस गेलेल्या भावाची नोंद किंवा निदान बाप-आजाची जोडी आहे, गावातली न सुचवलेली आठवण, आणि डीएनए किंवा सोयरिकीचा नकाशा, यातलं एक. नुसतं कुलदैवत जुळलं म्हणून होकार देऊ नये, एकाच देवीची शेकडो घरं असतात.

थोडक्यात क्रम असा: वडिलांचं किट आणि त्यांचं रेकॉर्डिंग या महिन्यात, मग आत्यांची सासरं आणि शाळेचं रजिस्टर, मग अभिलेख कक्ष, मग गाव, आणि गावाने हो म्हटलं तर तिथलं किट. जुन्या कागदांत 'जिल्हा रत्नागिरी' दिसलं तर तो आजचा सिंधुदुर्गही असू शकतो, तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, हेही डोक्यात ठेवा.

ट्रंकेत मोडीतलं काही निघालं तर लॅमिनेशन करू नका, घड्या जबरदस्तीने उलगडू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, सरळ वरून फोटो घ्या. मागच्या बाजूचाही घ्या, कारण बऱ्याचदा गावाचं नाव मागेच असतं. पहिले दोन-चार फोटो इथे टाका, वाचून सांगतो. खासगी व्यवहाराचा कागद असेल तर नावं झाकून टाका.